डायलिसिसवरचा माणूस: काट्यावरचे वजन आणि अंगातले मांस

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या अनेक वस्त्यांत आज डायलिसिसवर असलेला एखादा तरी माणूस भेटतो. कुणी जामखेड-पाथर्डीहून पहाटेच्या एसटीने नगर गाठतो, कुणी राहुरी-श्रीरामपूरकडून लोणीला जातो. चार तास मशीनवर जातात, उरलेला दिवस जाण्यायेण्यात. घरी आल्यावर प्रश्न एकच: आता खायला काय द्यायचे? बऱ्याच घरांत उत्तर ठरलेले असते. डाळ बंद, अंडी बंद, मटण-मासळी बंद, फळे बंद. ताटात उरतो मऊ भात आणि पाण्यासारखे वरण.

हे पथ्य प्रेमापोटी आणि भीतीपोटी पाळले जाते, पण ते माणसाला हळूहळू खंगवते. तो खंगतो आहे हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही, कारण काट्यावर वजन तेवढेच दिसते. म्हणून या वेळी आम्ही एकच गोष्ट नीट समजावून सांगणार आहोत: डायलिसिसवरच्या माणसाच्या वजनात पाणी किती आणि मांस किती हे वेगळे ओळखायला शिका, आणि मांस टिकेल असे खायला द्या.

काटा का फसवतो?

निरोगी किडनी रात्रंदिवस रक्तातली घाण, जास्तीचे मीठ आणि जास्तीचे पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की लघवी कमी होते, अनेकांची बंदच होते. मग दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत प्यालेले पाणी अंगात साठत जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. मशीन हे पाणी काढते. पाणी काढल्यावर पायांना सूज नाही, दम लागत नाही, रक्तदाब ठीक आहे आणि पायांत गोळेही येत नाहीत, अशा स्थितीतले वजन म्हणजे त्या माणसाचे खरे वजन. डायलिसिस युनिटमध्ये त्याला 'ड्राय वेट' म्हणतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईचे ड्राय वेट 52 किलो ठरवले आहे. तोंडाला चव नाही, म्हणून ती चार महिने नीट जेवली नाही. तिच्या अंगातले 2 किलो मांस झिजले. पण मशीनवर प्रत्येक वेळी 52 किलोपर्यंतच पाणी काढले जाते. म्हणजे झिजलेल्या 2 किलो मांसाच्या जागी 2 किलो पाणी अंगातच राहिले. काटा म्हणतो 52. घरचे म्हणतात, वजन टिकून आहे. इकडे रात्री आडवे पडले की तिला दम लागतो, रक्तदाबाच्या गोळ्या वाढतात, हृदयावर ताण येतो.

उलटेही घडते. माणूस चांगला जेवू लागला, अंगावर 2 किलो मांस चढले, पण ड्राय वेट जुनेच राहिले, तर मशीन गरजेपेक्षा जास्त पाणी ओढते. मग पायात गोळे येतात, चक्कर येते, रक्तदाब एकदम खाली जातो. म्हणून ड्राय वेट हा एकदा ठरवून कायमचा लिहून ठेवायचा आकडा नाही. जेवण वाढले, कमी झाले, मोठे आजारपण येऊन गेले, की डॉक्टरांना सांगून तो पुन्हा तपासून घ्यायचा असतो.

पुण्याच्या अभ्यासातून काय शिकायचे?

वजन सारखे म्हणजे शरीर सारखे नव्हे, हे आपल्या शेजारच्या पुण्यातच फार स्पष्टपणे दाखवले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. आकडा एकच, आतले शरीर मात्र वेगळे.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. आपली बाळे लहान होती आणि त्यांच्यात स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे, तरी मांसाने कमी आणि चरबीने जास्त असे शरीर आपल्याकडे आईच्या पोटातूनच घडते. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. याचा अर्थ असा की डायलिसिस सुरू होते तेव्हा आपल्या माणसाकडे मांसाची शिल्लकच कमी असते. त्यातून रोज खर्च होऊ लागला, तर शिल्लक लवकर संपते.

इतर लोकांना डॉक्टर वजन कमी करायला सांगतात. डायलिसिसवरच्या लोकांत मात्र अनेक देशांतल्या पाहण्यांत उलटे दिसले आहे: अंगाने भरलेली माणसे जास्त काळ जगतात, आणि खंगलेल्यांना धोका जास्त असतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अशा माणसाने वजन उतरवायच्या मागे लागू नये.

मांस का झिजते?

पहिले कारण मशीनच आहे. एका डायलिसिसमध्ये रक्तातली घाण जाते, तशीच साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लेही निघून जातात. ज्या विटांपासून शरीर मांस बांधते, त्या या विटा. एक ते दोन अंड्यांतली प्रथिने दर वेळी वाहून जातात असे समजा. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांची प्रथिने तर रोज जातात, दिवसाला 5 ते 15 ग्रॅम.

दुसरे कारण भूक नसणे. डायलिसिस चुकवले किंवा अपुरे झाले की रक्तात विष साठते, मळमळते, अन्नाचा वास नको होतो. तिसरे कारण जंतुसंसर्ग. मानेतल्या नळीला, दाताला, पायाच्या जखमेला संसर्ग झाला की शरीर स्वतःचेच मांस जाळते. चौथे कारण हालचाल थांबणे. 'आजारी आहे, पडून राहू दे' म्हणत आपणच त्याला खाटेला बांधतो. आणि पाचवे कारण आपल्या स्वयंपाकघरातले चुकीचे पथ्य.

पथ्य उलटते, हे कुणी सांगत नाही

बहुतेक गोंधळ इथेच होतो. किडनी अशक्त झाली आहे, पण डायलिसिस सुरू झालेले नाही, अशा काळात डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. वजनाच्या दर किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम एवढीच. तेव्हा ते बरोबर असते. डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. आता दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 50 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम. पण घरात जुनाच कागद भिंतीला चिकटवलेला असतो, आणि 'डाळ-अंडी बंद' हा नियम वर्षानुवर्षे चालू राहतो.

प्रथिनांबरोबर उष्मांकही पुरले पाहिजेत: दर किलोमागे 25 ते 35. 50 किलोच्या माणसाला साधारण 1500 उष्मांक धरा. भाकरी, भात आणि तेल कमी पडले, तर खाल्लेली अंडी मांस बांधायच्या कामी न येता सरपणासारखी जळून जातात.

50 किलोच्या माणसाचे एका दिवसाचे ताट

सकाळी: एक पूर्ण अंडे आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग (13 ग्रॅम प्रथिने), एक पोळी (4 ग्रॅम), अर्धा कप चहा.

दुपारी: ज्वारी किंवा बाजरीच्या दोन भाकरी (10 ग्रॅम), मूग किंवा तुरीच्या डाळीची एक घट्ट वाटी (7 ग्रॅम), उकळून पाणी काढलेली दुधी, दोडका किंवा कोबीची भाजी.

संध्याकाळी: पोहे किंवा घरी फोडणी दिलेले मुरमुरे, कमी मिठाचे (2 ग्रॅम).

रात्री: हाडांशिवाय 75 ग्रॅम चिकन किंवा तेवढीच ताजी मासळी (15 ग्रॅम), एक मोठी वाटी भात (4 ग्रॅम).

चहातले आणि भाजीतले मिळून आणखी 3-4 ग्रॅम. बेरीज 55 ते 60 ग्रॅमच्या घरात जाते. मांसाहार नसेल त्या दिवशी आणखी एक अंडे, थोडे पनीर, किंवा 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या द्या. वड्या उकळून, घट्ट पिळून, ते पाणी फेकून मगच शिजवा. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी असतो, म्हणून डायलिसिसवाल्यासाठी ते सर्वांत सोयीचे अन्न. एक अंडे वडापावापेक्षा स्वस्त पडते. जिममधल्या महागड्या पावडरी स्वतःच्या मनाने आणू नका.

पायाचे सूप ताकद देते असे आपल्याकडे मानतात. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र त्यातून पाणी आणि मीठच जास्त मिळते. त्यापेक्षा रश्श्यातला तुकडा द्या, रस्सा कमी द्या. मधुमेह असेल तर भाकरी-भाताचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ताट वाढताना आणखी एक गोष्ट. पेशंट बाई असेल तर ती स्वतःच स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते आणि उरलेले खाते. अंडे पोराच्या आणि नवऱ्याच्या ताटात जाते. तिचे अंडे आधी बाजूला काढून ठेवणे हे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे. समता भाषणात असते तशी ताटातही असली पाहिजे.

बंद काय, कमी काय

मीठ: सगळे मिळून दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, यापेक्षा जास्त नको. भाकरीला मीठ लागत नाही, ही आपली जमेची बाजू. लोणचे, पापड, कुरडई, फरसाण, सुकट आणि सुके बोंबील टाळा. ठेचा मिठाशिवाय लसूण-लिंबावर करा. मीठ कमी झाले की तहान आपोआप कमी होते. बाजारातले 'लो सोडियम' मीठ मुळीच वापरू नका. त्यात पोटॅशियम घातलेले असते आणि ते हृदय बंद पाडू शकते. सैंधव म्हणजेही मीठच.

पाणी: दिवसभरात जेवढी लघवी होते तेवढे, अधिक साधारण अर्धा लिटर. चहा, ताक, आमटी, बर्फ सगळे यातच धरायचे. सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरून ठेवा. आमटी खाल्ली की तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाका. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन ड्राय वेटच्या 4 ते 4.5 टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. 50 किलोच्या माणसाला ही मर्यादा साधारण 2 किलो.

पोटॅशियम: नारळपाणी, केळी, मोसंबीचा रस, चिंच, टोमॅटो, बटाटा, पालक आणि शेवग्याचा पाला यांत ते जास्त असते. आजाऱ्याला भेटायला जाताना नारळ नेऊ नका. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या. एरवी हे पाणी टाकू नये म्हणतात, इथे ते टाकायचेच. मुतखड्यावर म्हणून घेतात ते हुलग्याचे पाणी आणि झाडपाल्याचे काढे डायलिसिसवर घेऊ नयेत. कमरख हे फळ तर अजिबात नको, किडनी निकामी असलेल्या माणसाच्या मेंदूवर त्याचा विषासारखा परिणाम होतो.

फॉस्फरस: कोला, पाकिटातले पदार्थ आणि प्रक्रिया केलेले मांस यांतला फॉस्फरस शरीरात जवळजवळ सगळा शोषला जातो, डाळींतला त्या मानाने कमी. म्हणून डाळ बंद करण्याआधी कोला बंद करा. फॉस्फरसची गोळी दिली असेल तर ती जेवताना घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर तिचा उपयोग होत नाही.

रिपोर्ट उलटा वाचू नका

क्रिएटिनिन कमी आले की घरात आनंद होतो. ज्याची लघवी बंद आहे आणि जो अनेक महिने डायलिसिसवर आहे, त्याचे डायलिसिसआधीचे क्रिएटिनिन हळूहळू उतरत असेल, तर बहुधा किडनी सुधारलेली नसते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू झिजले की तेही कमी होते. युरियाचेही तसेच: तो फार कमी आला तर माणूस जेवत नसेल अशी शंका घ्या.

अल्ब्युमिन हा आकडा दर वेळी विचारा. तो 3.8 पेक्षा कमी असेल तर आहार, संसर्ग आणि अंगातले पाणी या तिन्हींची चौकशी डॉक्टरांनी करायला हवी. काही मोठ्या केंद्रांत शरीरातले पाणी, स्नायू आणि चरबी वेगवेगळी मोजणारे यंत्र असते. त्यात अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात. त्याने दुखत नाही, पण छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगायचे. सूज असताना जिममधल्या चरबी दाखवणाऱ्या काट्यावर उभे राहण्यात अर्थ नाही. अंगात साठलेले पाणी त्याला मांस वाटू शकते.

यंत्र नसले तरी मोजता येते

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपल्याच जिल्ह्यात जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावातल्या बायका, त्यांत अनेक दलित आणि अक्षरओळख नसलेल्या, शिकून आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी दाखवून दिले की आरोग्याची मोजमापे वस्तीतल्या माणसालाही घेता येतात. तुम्हीही एक वही करा आणि महिन्यातून एकदा डायलिसिस झाल्यावर लिहा:

1. डायलिसिसनंतरचे वजन.
2. दंडाचा घेर. अंगणवाडीत बाळाच्या दंडाला पट्टी लावतात, तसेच शिवणाच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यभागी मोजा. ज्या हातात फिस्टुला आहे तो हात सोडून दुसरा हात घ्या.
3. हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता येते का, आणि त्याला किती सेकंद लागतात.
4. पायाला बोट दाबले की खड्डा पडतो का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का.
5. पूर्वी दोन भाकरी खाणारा आता किती खातो.

वजन तेच, पण दंड बारीक झाला आणि उठायला वेळ लागू लागला, तर मांस जाऊन पाणी आले आहे असे समजा. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ड्राय वेट तपासायला सांगा. तीन महिन्यांत ड्राय वेट 5 टक्क्यांनी, म्हणजे 50 किलोमागे अडीच किलोने उतरले, तर थांबू नका.

खाल्लेल्याचे मांस व्हायला हालचालही हवी. डायलिसिस नसेल त्या दिवशी वीस मिनिटे चालणे आणि खुर्चीवरून दहा वेळा उठबस एवढ्याने सुरुवात करा. छातीत दुखले किंवा दम लागला तर थांबा.

उपोसथ, जयंती आणि प्रवास

पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. डायलिसिसवरच्या व्यक्तीने हे करू नये. रात्रभराचा उपास तिचे मांस खातो, आणि मधुमेह असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. आजारी भिक्खूंसाठी विनयातही सवलती आहेत. तिने बाकीची शीले पाळावीत आणि वेळेवर जेवावे.

14 एप्रिलच्या उन्हात जागोजागी सरबत आणि ताक मिळते. पेशंटने घोटभरच घ्यावे आणि ते बाटलीच्या हिशेबात धरावे. 1 जानेवारीला कोरेगाव भीमा, दसऱ्याला दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी: जायचे असेल तर डायलिसिसचा दिवस आधी ठरवून घ्या. एकही पाळी चुकवू नका.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे डायलिसिसवरचा म्हातारा किंवा म्हातारी राहते आणि तिथे चूल नीट पेटत नाही. वस्तीतल्या विहारात महिला मंडळाने ठरवले, तर अशा एका माणसाची रोजची अंडी-भाकरी आळीपाळीने सहज देता येते. डायलिसिसच्या दिवशी डबा बरोबर द्या. मशीनवर असताना खाल्ल्याने रक्तदाब उतरत असेल, तर आधी किंवा नंतर खाऊ द्या, पण उपाशी परत आणू नका.

खर्चाच्या भीतीने डायलिसिस तोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही 2016 पासून सुरू आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

प्रत्येकाची लघवी, साखर, हृदय आणि औषधे वेगळी असतात. वर दिलेले ताट तुमच्या डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. पुढच्या वेळी युनिटला जाताना हे तीन प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरे घेऊनच या:

माझे ड्राय वेट किती आहे, आणि ते शेवटचे कधी तपासले?
माझे अल्ब्युमिन, पोटॅशियम आणि फॉस्फरस किती आहे?
मी दिवसाला किती प्रथिने खायची?

जय भीम!